उद्यानांचा उत्सव आणि उठवलेली गावे

ऑक्टोबरचा पहिला आठवडा वन्यजीव सप्ताह म्हणून साजरा करण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. शहरांतील सभागृहांत, महाविद्यालयांत, निवासी सोसायट्यांच्या पटांगणांत, इतकेच नव्हे तर व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांतील शाळांतही या आठवड्यात राष्ट्रीय उद्यानांवरील माहितीपटांचे खेळ लावले जातात. प्रवेश विनामूल्य असतो. कोणी अधिकारी वा छायाचित्रकार प्रास्ताविक करतो, दिवे मालवले जातात आणि पुढचा तासभर पडद्यावर वाघीण आपल्या बछड्यांना घेऊन पाणवठ्यावर येत राहते. चित्रण अप्रतिम असते, यात वाद नाही. दिवे लागल्यावर टाळ्या पडतात, निसर्गरक्षणाची प्रतिज्ञा होते, चहा होतो आणि मंडळी घरोघर जातात. याला 'सामुदायिक प्रदर्शन' म्हणतात. या समुदायात कोणाची गणना होते आणि कोणाची होत नाही, याची चौकशी करण्याची कोणाला गरज वाटत नाही.

या माहितीपटांना विरोध करण्याचे काही कारण नाही. वाघ वाचला पाहिजे, जंगल वाचले पाहिजे, आणि त्याचे प्रेम लोकांच्या मनात रुजले पाहिजे, हे समाजवादी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. आक्षेप निराळाच आहे. या पडद्यावरील जंगलात माणूस नसतो. असला तर तो जिप्सीत बसलेला पर्यटक असतो, गणवेशातील वनरक्षक असतो किंवा मग फासे लावणारा शिकारी असतो. त्या जंगलात शतकानुशतके राहणारा, तिथली मोहफुले वेचणारा, तिथल्या देवाला कोंबडे कापणारा माणूस कोठेच दिसत नाही. तो दिसत नाही म्हणून तो तेथे कधी नव्हताच, असा प्रेक्षकाचा सहज समज होतो.

ताडोब्याचेच उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातील हे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली घोषित झाले, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्माला येण्याच्या पाच वर्षे आधी. त्याचे नावच मुळी एका आदिवासी माणसाचे आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचे ठाणे तळ्याकाठी झाडाखाली झाले आणि त्याच्या नावाने पौषात जत्रा भरू लागली, अशी तिथली परंपरा सांगते. माहितीपटवाल्यांना ही कथा फार आवडते. निवेदकाच्या खर्जातल्या आवाजात ती ऐकायला मिळते, मग वाघ येतो, आणि तारूचे वंशज पुढे काय झाले हे न सांगताच चित्रपट पुढे सरकतो. त्या वंशजांपैकी काहींच्या गावांची नावे बोटेझरी, नवेगाव रामदेगी, जामणी अशी होती. ही गावे गेल्या काही वर्षांत गाभा क्षेत्रातून उठवण्यात आली. आज जामणी आणि नवेगाव या नावांनी पर्यटक जी कुरणे ओळखतात, जेथे चितळांचे कळप चरतात आणि त्यांच्यामागे वाघ हटकून दिसतो, ती कुरणे म्हणजे या गावांची शेते आहेत. धानाच्या बांध्यांवर गवत उगवले की त्याला रान म्हणतात. चित्रपटात ते 'अस्पर्श निसर्ग' म्हणून दाखवले जाते, आणि नेमके तेच दृश्य सर्वांत जास्त टाळ्या घेते.

हा साचा येथे निर्माण झालेला नाही. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. त्या देशात राष्ट्रीय उद्यानांच्या माहितीपटांचे सामुदायिक खेळ ही मोठी परंपरा आहे, आणि तिचे सर्वांत भव्य रूप २००९ साली दिसले. केन बर्न्स यांची सहा भागांची मालिका त्या वर्षी सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. राष्ट्रीय उद्यान ही अमेरिकेची सर्वोत्तम कल्पना होय, अशा आशयाचेच तिचे शीर्षक होते. तिच्या निमित्ताने त्या देशात सामुदायिक खेळही झाले. युरोपात सुंदर भूमी राजेरजवाड्यांच्या मालकीची असे, अमेरिकेने ती सर्व जनतेची केली, असा त्या मालिकेचा गाभा आहे. कल्पना म्हणून ती लोकशाहीवादी आहे आणि मनाला भिडणारीही आहे. बर्न्स प्रामाणिक दिग्दर्शक आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावल्याचा उल्लेख त्यांनी टाळलेला नाही. पण तो उल्लेख एका वैभवशाली कथेतला हळवा क्षण होऊन राहतो. कथेचा नायक बदलत नाही.

त्या कथेची दुसरी बाजू अशी. योसेमिटीचे खोरे १८५१ साली एका सशस्त्र तुकडीने पाहिले ते तेथील अवानीची लोकांना हाकलण्यासाठी चाल करून जाताना. खोऱ्याच्या सौंदर्याचा पहिला गाजलेला वृत्तान्त याच तुकडीतल्या एका माणसाने लिहिला. यलोस्टोन १८७२ साली जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील डोंगरात राहणाऱ्या शोशोनी लोकांना पुढच्या काही वर्षांतच राखीव वसाहतींत नेण्यात आले, आणि आदिवासी उकळत्या कारंज्यांना भितात म्हणून ते इकडे फिरकतच नाहीत, असा समज पर्यटकांत पसरवण्यात आला. योसेमिटीत उरलेल्या आदिवासी वस्तीतील शेवटची घरे उद्यानाच्या प्रशासनाने १९६९ साली पाडली.

१९६९ हे साल आपल्याही दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची महासभा दिल्लीत भरली. वाघ नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, ही हाक तेथे दिली गेली, आणि ती योग्यच होती. पण त्याच महासभेने राष्ट्रीय उद्यानाची एक व्याख्याही संमत केली. जेथील परिसर मानवी वापराने आणि वस्तीने फारसा बदललेला नाही, आणि जेथील वापर व वस्ती लवकरात लवकर बंद करण्याची पावले देशाच्या सर्वोच्च सत्तेने उचलली आहेत, तेच राष्ट्रीय उद्यान. म्हणजे उद्यानात माणूस नको हा अमेरिकेचा अनुभव, किंवा अमेरिकेचा गुन्हा म्हणा, दिल्लीत जगाचा नियम झाला. तीन वर्षांनी, १९७२ साली, आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याचे ३५ वे कलम या माहितीपटांच्या प्रत्येक आयोजकाने एकदा वाचावे. प्रस्तावित उद्यानातील जमिनीवरचे सर्व हक्क राज्य सरकारकडे निहित झाल्यावरच अंतिम घोषणा करता येते, आणि उद्यानात एकाही गुराला चरू देता येत नाही. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवण्याची मुभा आहे. राष्ट्रीय उद्यानात ती नाही. कायद्याच्या भाषेत 'उद्यान' या शब्दाचा अर्थच गावाची वजाबाकी असा होतो.

यावर एक उत्तर हमखास मिळते. ते उत्तर पोकळ नाही, म्हणून त्याची दखल घेतली पाहिजे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. २००६ सालच्या गणनेत देशात अवघे १,४११ वाघ असल्याचा अंदाज आला आणि सारा देश हादरला. २०२२ मध्ये हाच अंदाज ३,६८२ वर पोचला. महाराष्ट्रात २००६ साली १०३ असलेले वाघ २०२२ साली ४४४ झाले. कोरड्या बंदुकशाहीने हे घडले असे कोणी म्हणू नये. त्यात शेकडो वनरक्षकांचे आणि हंगामी वनमजुरांचे कष्ट आहेत, अनेक निष्ठावंत अधिकाऱ्यांची तळमळ आहे. हे यश नाकारणारा कार्यकर्ता लोकांपुढे उभा राहण्याची नैतिक शक्ती गमावून बसेल. प्रश्न एवढाच की या यशाचा खर्च कोणी भरला आणि त्याची पावती कोणाच्या नावे फाडली गेली.

अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की, वाघ वाचल्याचा लाभ साऱ्या देशाला, किंबहुना साऱ्या जगाला मिळतो. स्वच्छ पाणी, जंगल, पर्यटनाचे उत्पन्न, आणि पडद्यावर वाघ पाहून होणारा आनंदही. पण खर्च इतका विखुरलेला नाही. तो काही हजार कुटुंबांच्या डोक्यावर एकवटला आहे. रात्रभर मचाणावर बसून रानडुकरे हाकलणारा शेतकरी तो भरतो. मोळी आणायला गेलेली बाई तो भरते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. तेंदूच्या हंगामात जंगलात जाऊ नका, हे सांगणे सोपे आहे, पण पावसाळ्यापूर्वी हाती रोख रक्कम देणारे दुसरे कोणते काम त्या घरांना उपलब्ध होते, हे सांगणारा कोणी भेटत नाही. मृताच्या वारसांना आता पंचवीस लाख रुपये मिळतात. ही रक्कम वाढली हे बरेच झाले. पण भरपाई म्हणजे किंमत नव्हे, आणि ज्याला जिवाचा धोका पत्करायचा त्याची संमती कोणी विचारलेलीच नाही.

उत्पन्नाची बाजूही पाहण्यासारखी आहे. ताडोब्यात सफारीची नोंदणी करणाऱ्या एका खाजगी कंपनीने सुमारे तीन वर्षांत बारा कोटींहून अधिक रुपये प्रकल्पाच्या प्रतिष्ठानाकडे भरलेच नाहीत, अशी फिर्याद २०२३ साली पोलिसांत दाखल झाली. त्या आरोपाचा निवाडा न्यायालय करील. येथे मुद्दा निराळा आहे. जेथे बारा कोटी थकल्याचे उशिरा लक्षात यावे इतका पैसा वाहतो, तेथे रोज सकाळी जिप्सी जाऊ देण्यासाठी दार उघडणाऱ्या पोराची मजुरी किती, आणि दाराबाहेरच्या गावाच्या ग्रामसभेला या हिशेबाची वही पाहण्याचा अधिकार किती? बफर क्षेत्रातील काही गावांत पर्यटनाचे उत्पन्न समित्यांकडे येते, तरुण मार्गदर्शक म्हणून काम करतात, हे खरे आहे आणि स्वागतार्ह आहे. पण ते मालक म्हणून नव्हे, नोकर म्हणून. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, त्यातलीच ही गत.

पडद्यावरच्या नायिकांबद्दल एक आठवण येथे दिली पाहिजे. ताडोब्यातील 'माया' नावाची वाघीण छायाचित्रकारांची लाडकी, देशोदेशी प्रसिद्ध. २०२१ च्या नोव्हेंबरात व्याघ्रगणनेच्या कामासाठी तीन मदतनीसांसह पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला याच वाघिणीने ठार केले. वाघिणीचा त्यात दोष नाही, ती वाघीण आहे. पण आपण ज्या आकड्यांवर टाळ्या वाजवतो ते आकडे गोळा करण्यासाठी कोणीतरी निःशस्त्र, पायी, कमी पगारात त्या रानात शिरलेले असते, हे वन्यजीव सप्ताहाच्या किती चित्रपटांत दिसते? या देशात श्रम अदृश्य करण्याचे जे असंख्य मार्ग आहेत त्यांत निसर्गप्रेमाची भर पडावी, हे दुःखद आहे.

पुनर्वसन स्वेच्छेने होते, असे सांगितले जाते. कायद्यातही तसे लिहिले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर स्पष्टच बजावले आहे की, आधी हक्क मान्य करा, मग सहजीवन अशक्य असल्याचे सिद्ध करा, मग ग्रामसभेची माहितीपूर्ण लेखी संमती घ्या, आणि नव्या जागी सोयी व जमीन तयार असल्याखेरीज कोणाला हलवू नका. प्रत्यक्षात काय होते ते मेळघाटने दाखवले. गुल्लरघाट, अमोना, केलपाणी अशा उठवलेल्या गावांतील आदिवासी कबूल केलेली जमीन व सोयी मिळाल्या नाहीत म्हणून पुन्हा जंगलात परतले. २०१९ च्या जानेवारीत त्यांची पोलीस आणि वनकर्मचाऱ्यांशी चकमक झाली. दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले. गरीब कोरकू आणि गरिबाघरचाच वनरक्षक समोरासमोर काठ्या घेऊन उभे, आणि ज्यांच्या निर्णयाने हे घडले ते दूर शहरात. ज्या गावात शाळा नीट चालत नाही, डॉक्टर येत नाही, रस्त्याला परवानगी मिळत नाही, गुरे चारू दिली जात नाहीत, त्या गावाने दहा-पंधरा लाख रुपये घेऊन 'स्वेच्छेने' निघून जाणे, ही कोणत्या अर्थाने स्वेच्छा? मालकाने गिरणीचे पाणी तोडावे आणि कामगाराने राजीनामा दिल्यावर त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणावे, तसेच हे.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०२४ च्या जूनमध्ये राज्यांना पत्र पाठवून गाभा क्षेत्रांतील गावांचे स्थलांतर अग्रक्रमाने हाती घेण्यास सांगितले. त्या पत्रात अशा गावांची संख्या ५९१ आणि कुटुंबांची ६४,८०१ दिली आहे. व्याघ्र प्रकल्प सुरू झाल्यापासूनच्या पन्नास वर्षांत जेवढी कुटुंबे हलवली गेली त्यांच्या अडीचपटीहून ही संख्या अधिक आहे. येत्या काही वर्षांत वन्यजीव सप्ताहाचे जे चित्रपट काढले जातील त्यांतली कुरणे कोठून येणार, हे या आकड्यावरून समजावे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. उद्याने नसती तर खाणी आल्या असत्या, असे निसर्गवादी मित्र म्हणतात. चंद्रपुरात हे म्हणणे हवेतले नाही. तेथे जमिनीखाली कोळसा आहे आणि ताडोब्याच्या वेशीवर औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आहेत. पण लोहाऱ्याची कोळसा खाण २००९ च्या सुमारास थांबली ती केवळ नकाशावर हिरवा रंग होता म्हणून नव्हे. चंद्रपूरचे सामान्य नागरिक रस्त्यावर उतरले, उपोषणे झाली, तेव्हा केंद्रीय मंत्रालयाने माघार घेतली. बंदर येथील कोळसा पट्टा २०२० साली लिलावाच्या यादीत आला आणि विरोध झाल्यावर वगळला गेला. याउलट जेथे विरोध करण्याइतके लोक नव्हते किंवा त्यांचा आवाज पोचत नव्हता तेथे काय झाले? ग्रेट निकोबार बेटावरील गॅलाथिया खाडीचे अभयारण्य महाकाय कासवांसाठी राखलेले होते. बंदर बांधायचे ठरताच २०२१ च्या जानेवारीत ते एका बैठकीत रद्द करण्यात आले. सरकारने दिलेले संरक्षण सरकार काढून घेऊ शकते. जंगलाजवळ राहणाऱ्या, जंगलावर हक्क असलेल्या माणसांचे संरक्षण तसे काढून घेता येत नाही. खाणवाल्याला मोकळे, निर्मनुष्य जंगल फार सोयीचे असते, हे आमच्या निसर्गवादी मित्रांच्या ध्यानात अजून आलेले दिसत नाही.

आणि सहजीवन अशक्यच आहे, हे तरी कोणी ठरवले? कर्नाटकात बिळिगिरी रंगस्वामी टेकड्यांत सोलिग आदिवासींना व्याघ्र प्रकल्पाच्या आतच २०११ साली सामूहिक हक्क मिळाले. २०१० ते २०१४ या काळात तेथील वाघांचा अंदाज ३५ वरून ६८ वर गेला. त्याचे सर्व श्रेय सोलिगांना देणे अतिशयोक्तीचे होईल, पण ते राहिले म्हणून वाघ पळाले नाहीत, एवढे तरी सिद्ध झाले. दूर कशाला, अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीरला २०१२ साली सुमारे १९३ हेक्टर उजाड वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. गावाने चराईबंदी स्वतः ठरवली, झाडे लावली, पाणी अडवले, आणि त्या कामाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्याच गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावची कथा तर या माहितीपटवाल्यांनी सांगावी अशीच आहे. २०१२ साली हजारभर हेक्टर जंगलावर ग्रामसभेचा हक्क मान्य झाला. बांबूच्या विक्रीतून गावाला रोजगार मिळू लागला, शहरात मजुरीला गेलेली माणसे परतली. मग ग्रामसभेने दोन निर्णय घेतले. पहिला, तेंदूपाने तोडायची नाहीत. पानांसाठी झाडे छाटावी लागतात, रानात आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळे पाखरांना व माणसांना दोघांनाही हवी असतात. रोख पैसा देणारा हंगाम एका गरीब गावाने आपण होऊन सोडला. दुसरा, सुमारे ३४ हेक्टरांचा एक तुकडा वन्यप्राण्यांसाठी कायमचा राखून ठेवायचा, तेथे कोणीही कुऱ्हाड चालवायची नाही. ना अधिसूचना निघाली, ना एकही घर उठले. वाघ पाहायला जिप्सी भरभरून जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींपैकी किती जणांनी या गावाचे नाव ऐकले असेल? तेथे धावत्या वाघाचे दृश्य मिळण्याची खात्री नाही, म्हणून कॅमेरे तिकडे वळत नाहीत.

तेव्हा कार्यकर्त्यांनी या प्रदर्शनांवर बहिष्कार टाकू नये. घोषणा देऊन खेळ बंद पाडणे तर अगदीच चुकीचे. प्रेक्षकांत बसलेली शाळकरी मुले वाघावर प्रेम करू लागली आहेत, ती आपली शत्रू नाहीत, उलट तेच आपले उद्याचे सहकारी आहेत. कार्यकर्त्यांनी जावे, चित्रपट शेवटपर्यंत पाहावा, आणि दिवे लागल्यावर आयोजकांना नम्रपणे विचारावे की जे कुरण आत्ता दिसले तेथे कोणते गाव होते. उत्तर बहुधा मिळणार नाही. म्हणून त्या गावाचा एक माणूस आधीच सोबत न्यावा आणि त्याला पाच मिनिटे बोलू द्यावे. तो वक्ता नसेल, अडखळेल, कदाचित रागावेलही. ते चालेल.

बफर क्षेत्रातील गावांत, जेथे वनखाते स्वतः खेळ लावते, तेथे याहून अधिक करता येईल. खेळाला गाव जमतेच. स्त्रिया येतात, म्हातारी माणसे येतात. वनहक्क नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. नेहमी न जुळणारी ही संख्या अशा रात्री आपोआप जुळण्याजोगी असते. सरपंच आणि वनहक्क समितीशी आधी बोलून, रीतसर नोटीस लावून, चित्रपटानंतर त्याच पटांगणात ग्रामसभा भरवावी. सामूहिक हक्काचा दावा दाखल झाला आहे का, झाला असेल तर कोणत्या कार्यालयात अडकला आहे, पुनर्वसनाच्या संमतीचा ठराव कोणी, कधी आणि किती सह्यांनी केला, हे इतिवृत्ताच्या वहीतून मोठ्याने वाचून दाखवावे. प्रोजेक्टर वनखात्याचाच असेल. तो तासभर आणखी चालू ठेवायला हरकत नसावी, कारण वहीची पाने पडद्यावर दाखवली तर मागे बसलेल्यांनाही वाचता येतील.